काबोचा आणि चिकनचं निमोनो: तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

मी टोकियोत एदोगावा भागात राहते, निशी-कासाईच्या जवळ, म्हणजे जिथे पाच मिनिटं चाललं की कोणीतरी मराठीत फोनवर बोलताना ऐकू येतंच. हे निमोनो मला आमच्या आधीच्या बिल्डिंगमधल्या शेजारच्या आजींनी शिकवलं. तेव्हापासून फोटो टाकला की तेच तेच प्रश्न येतात, काही इथल्या मैत्रिणींचे, काही पुण्या-नाशिकहून, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतेय. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तरात जे सांगितलंय ते दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, फक्त नंबर दिलाय.

१. निमोनो म्हणजे नक्की काय? भाजी, रस्सा की सूप?

तिन्ही नाही. निमोनो म्हणजे चवीच्या पाण्यात मंद शिजवलेला पदार्थ. भाजी-मांस बेताच्या रसात शिजतं, रस थोडा आटतो, थोडा आत मुरतो आणि ताटात येताना तळाशी चार चमचे राहतो. आपल्याकडे अंगाबरोबर रस म्हणतात ना, तसं. मसाला नाही, फोडणी नाही, चव दाशी (कोंबू आणि सुक्या माशाचं चवीचं पाणी), शोयू (जपानी सोया सॉस), साखर आणि चिकनची. पहिला घास फिका वाटेल. तिसऱ्या घासापर्यंत थांबा.

२. काबोचा म्हणजे आपला लाल भोपळाच ना? उगाच जपानी नाव?

चुलत भाऊ म्हणा. इथल्या दुकानात आज जो मिळतो तो बहुतेक 'सेइयो काबोचा', म्हणजे पाश्चात्य जातीचा. बाहेरून गडद हिरवा, आतून केशरी-पिवळा, शिजला की रताळ्यासारखा कोरडा आणि पिठूळ. जपानीत त्याला 'होकुहोकु' म्हणतात, आणि तोंडात गरम घास फिरवताना जो आवाज येतो तोच तो शब्द आहे असं मला वाटतं. आपला लाल भोपळा बहुतेक वेळा पाणीदार असतो, शिजला की मऊ लगदा होतो, घारग्यांना तेच हवं असतं पण निमोनोला नको.

आणि नाव जपानीही नाही! सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोकांनी भोपळा (आधीची, जुनी जात) जपानात आणला, कंबोडियाकडून आला म्हणून त्याचं झालं काबोचा. आपला बटाटा पण त्याच लोकांकडून आला, नावासकट. कानसाईत (ओसाका-क्योतोकडे) काबोचाला 'नानकिन' पण म्हणतात.

३. ताई एकदाच नीट मापासकट रेसिपी द्या ना, दर वेळी अर्धवट सांगता

घ्या. तीन माणसांचं.

काबोचा पाव भाग (बिया काढून ३५० ते ४०० ग्रॅम), चिकन थाय बोनलेस २५० ग्रॅम, दाशी ३०० मिली, साके (तांदळाची जपानी दारू) २ टेबलस्पून, साखर दीड टेबलस्पून, मिरिन (स्वयंपाकाची गोड दारू) १ टेबलस्पून, शोयू २ टेबलस्पून, आल्याच्या चार-पाच पातळ चकत्या, तेल एक टीस्पून.

काबोचाचे साधारण ४ सेंटीमीटरचे तुकडे, चिकनचे त्याहून थोडे लहान. जाड बुडाच्या पातेल्यात तेल टाकून चिकन कातडीची बाजू खाली ठेवून लालसर करा, जास्तीची चरबी टिश्यूने टिपून घ्या. दाशी, साके, आलं, साखर घाला. उकळी आली की वर राखाडी फेस येतो (याला 'आकु' म्हणतात), तो डावाने काढून टाका. आता काबोचा, हिरवी साल खाली, एकाच थरात, शेजारी शेजारी बसवा. पाच मिनिटांनी मिरिन आणि शोयू कडेने सोडा, ओतोशिबुता ठेवा (प्रश्न १३), गॅस मंद-मध्यम, आठ ते दहा मिनिटं. बांबूची काडी किंवा टूथपिक सालीपर्यंत अलगद गेली की गॅस बंद. मग वीस मिनिटं हात लावायचा नाही. ही वीस मिनिटं रेसिपीचाच भाग आहेत, ऐच्छिक नाहीत.

४. तुमच्या मापाने केलं तरी खारट झालं, असं का?

दोनच कारणं मला आतापर्यंत सापडलीत. एक, चमचा. टेबलस्पून म्हणजे १५ मिली, सपाट, आणि घरातला वाढायचा चमचा म्हणजे टेबलस्पून नव्हे. कपाचंही तसंच, जपानी कप २०० मिलीचा, बाहेरच्या पुष्कळ रेसिप्यांमधला २४० चा, म्हणून मी कपात लिहितच नाही. दोन, पाकिटातली दाशी पावडर, तिच्यात मीठ असतं. ती वापरली तर शोयू दीडच टेबलस्पून टाका, लागला तर शेवटी वाढवा.

५. अख्खा काबोचा कापायचा कसा? सुरी अडकून बसली, नवऱ्याने हातोडी आणली

हातोडी नको! पण त्रास खरा आहे, कच्चा काबोचा दगडासारखा असतो. (आमच्याकडे अख्खा भोपळा बाईने फोडायचा नाही, पहिला वार घरातल्या पुरुषाने घालायचा अशी पद्धत होती, आणि पहिल्यांदा काबोचा कापायला घेतल्यावर मला वाटलं की त्या पद्धतीमागे सुरी अडकलेली कोणीतरी बाईच असणार.)

ओट्यावर ओला रुमाल पसरा म्हणजे भोपळा फिरणार नाही. देठावर सुरी चालवू नका, तिथेच ती अडकते. देठाच्या शेजारी टोक खुपसा, दोन्ही हातांनी पातं खाली दाबत कडेपर्यंत या, भोपळा फिरवा, दुसऱ्या बाजूनेही तसंच. मग चिरेत बोटं घालून दोन्ही हातांनी उघडा, देठाकडे कट्कन आवाज येऊन दोन फाका होतात. अर्धा किंवा पाव तुकडा असेल तर ६०० वॉटवर दोन-तीन मिनिटं मायक्रोवेव्ह करा, साल नरम होते. आणि खरं सांगू? इथे दुकानात पाव भाग कापून प्लास्टिकमध्ये मिळतो, मी तोच आणते.

६. साल काढायचं ना?

नाही. साल खायची असते, शिजून मऊ होते आणि तुकड्याला तीच धरून ठेवते. फक्त जिथे खरबरीत, फोडासारखं असेल तिथे खरवडा. काही जण मधेमधे सालीचे पट्टे काढतात, दिसायला छान आणि रस आत जायला वाट.

७. दुकानात चांगला काबोचा ओळखायचा कसा?

अख्खा असेल तर देठ बघा, बुचासारखा वाळलेला आणि चिरा पडलेला हवा. हिरवा, ओलसर देठ म्हणजे अजून पिकायचाय. हातात घेतल्यावर आकारापेक्षा जड वाटला पाहिजे. कापलेला असेल तर गर गडद आणि बिया टपोऱ्या, भरलेल्या हव्यात, चपट्या बियांचा काबोचा बहुधा कोवळाच तोडलेला असतो.

शेतातून आलेला एकदम ताजा काबोचा गोड नसतो बरं का. तोडल्यावर काही आठवडे ठेवला की आतल्या स्टार्चची साखर होते. म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी काढणी झाली तरी खरी गोडी थंडी पडता पडता येते. देशी माल सगळ्यात जास्त होक्काइदोचा असतो, तो संपला की न्यूझीलंड आणि मेक्सिकोचा येतो, आणि तोही वाईट नसतो.

८. दाशी घरी कशी करायची? आणि नसेल तर पाणी चालेल?

एक लिटर पाण्यात १० ग्रॅम कोंबू (समुद्री शेवाळाची वाळलेली पट्टी) अर्धा तास भिजत ठेवा, मंद गॅसवर तापवा, उकळी फुटायच्या आधी कोंबू बाहेर काढा नाहीतर बुळबुळीत होतं. मग पाणी उकळवा, गॅस बंद करून २० ते ३० ग्रॅम कात्सुओबुशी, म्हणजे बोनितो माशाचे सुकवलेले पापुद्रे टाका, ते खाली बसले की गाळा. पिळू नका. रोजच्याला पाकिटातली पावडर सगळेच वापरतात, आजी पण वापरायच्या, फक्त डबा मागच्या फळीवर असायचा.

नुसतं पाणी? चालतं, कारण चिकन स्वतः रस सोडतं. पण पाण्यात बोटभर कोंबूचा तुकडा जरी टाकलात तर फरक कळेल. १९०८ साली टोकियोच्या इम्पीरियल युनिव्हर्सिटीतल्या किकुनाए इकेदा यांनी कोंबूतून ग्लुटामेट वेगळं काढून त्या चवीला 'उमामी' नाव दिलं. चिकनमध्ये आणि कात्सुओबुशीत दुसरा एक उमामीवाला पदार्थ असतो, इनोसिनेट. हे दोन्ही एकत्र आले की चव बेरजेने नाही, कितीतरी पटींनी वाढते. त्यामुळे कोंबू अधिक चिकन ही जोडी मसाल्याशिवाय उभी राहते.

९. आम्ही चिकन खातो पण मासे अजिबात नाही, वास पण नको

मग कात्सुओबुशी वगळा, फक्त कोंबूचं पाणी वापरा (प्रश्न ८ मधला पहिला अर्धा भाग). सुकी शिताके मशरूम दोन-तीन भिजवलीत तर ते पाणीही घाला, मशरूम कापून त्यातच टाका. दाशी पावडरीच्या बहुतेक पाकिटांत मासा असतोच, समोर नुसता कोंबूचा फोटो असला तरी मागची यादी वाचा.

१०. मिरिन आणि साके म्हणजे दारू ना? घरात चालत नाही. शिजल्यावर उडून जाते असं म्हणतात ते खरं?

हो, दारूच. खऱ्या मिरिनमध्ये, 'होन-मिरिन' मध्ये, साधारण १४ टक्के अल्कोहोल असतं. शिजवताना बरंचसं उडतं, सगळं नाही. त्यामुळे धर्मासाठी किंवा तब्येतीसाठी टाळायचं असेल तर उडून जातं या भरवशावर राहू नका, घालूच नका.

दुकानात 'मिरिन-फू चोमिरयो' म्हणून स्वस्त बाटली असते, तिच्यात अल्कोहोल १ टक्क्यापेक्षा कमी, पण अगदी शून्य हवं असेल तर तीही नको. त्याऐवजी साखर एक टीस्पून जास्त आणि तेवढंच पाणी. चकाकी थोडी कमी येईल. साके गेली की चिकनचा वास मारायला आलं जरा वाढवा आणि चिकनवर आधी उकळतं पाणी ओतून ते फेकून द्या. मिरिन नाही पण साके आहे अशी उलटी गोष्ट असेल तर एक टेबलस्पून साके आणि एक टीस्पून साखर, झालं मिरिनचं काम.

११. घरी चायनीजसाठी आणलेला सोया सॉस आहे, तो घातला तर?

तो काळा, दाट, कॅरॅमलच्या रंगाचा असेल तर नका घालू, सगळं काळंभोर होईल आणि हाका नूडल्सची चव येईल. 'नॅचरली ब्रूड' लिहिलेला पातळ हवा. किक्कोमान भारतात मिळतो, तो चालतो. जपानात कोइकुची म्हणजे नेहमीचा गडद आणि उसुकुची म्हणजे फिक्या रंगाचा. फिका म्हणजे कमी खारट असं सगळ्यांना वाटतं आणि सगळे फसतात, उसुकुचीत मीठ उलट जास्त असतं. काबोचाचा पिवळा रंग छान राहावा म्हणून तो वापरलात तर माप कमी करा.

१२. साखर आधी आणि शोयू नंतर, एकदम घातलं तर काय बिघडतं?

जपानी घरात एक पाढा असतो, सा-शि-सु-से-सो. सातो म्हणजे साखर, शिओ म्हणजे मीठ, सु म्हणजे व्हिनेगर, से म्हणजे शोयू (जुन्या लिखाणात सेउयू) आणि सो म्हणजे मिसोतला सो. याच क्रमाने घालायचं. साखर आत शिरायला वेळ घेते, मीठ झटकन शिरतं, म्हणून साखरेला आधी पाठवायचं असं सांगतात. शिवाय शोयूचा वास जास्त उकळला की उडतो. एकदम घातलं म्हणून जेवण वाया जाणार नाही, घाईत मीही घालते.

१३. ते झाकण आत बुडवलेलं असतं ते काय? माझ्याकडे नाहीये

ओतोशिबुता. पातेल्याच्या तोंडापेक्षा लहान, थेट पदार्थावर टेकणारं झाकण, बहुतेक लाकडाचं (लाकडाचं असेल तर आधी ओलं करायचं, नाहीतर तेच रस पितं). रस कमी असतो, तो उकळून या झाकणाला आपटतो आणि परत खाली तुकड्यांवर पडतो, म्हणून वरची बाजू कोरडी राहत नाही. आणि तुकडे जागच्या जागी दाबलेले राहतात, नाचत नाहीत.

नसेल तर अॅल्युमिनियम फॉइलचा गोल कापा, कडा आत दुमडा, मधे चार-पाच भोकं पाडा. बेकिंग पेपरही चालतो. नेहमीचं घट्ट झाकण ठेवू नका, वाफ कोंडते आणि रस आटत नाही. शिजताना त्या फॉइलखालून बारीक खदखद ऐकू आली पाहिजे. धडधड ऐकू आली तर गॅस मोठा आहे.

१४. प्रत्येक वेळी काबोचाचा गाळ होतो, काय चुकतंय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि नव्वद टक्के वेळा उत्तर एकच: तुम्ही ढवळताय.

आपला हात शिवशिवतो. गॅसवर काही ठेवलंय आणि आपण नुसतं उभं राहायचं हे आपल्याला शिकवलेलंच नाही, भाजी लागेल, करपेल, एकदा उलथनं फिरवून बघू. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मोजून तीनदा ढवळलं आणि ताटात जे आलं त्याला लहान बाळाचं जेवण म्हणता आलं असतं. आजींनी ते खाल्लं, ओइशी (छान झालंय) म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी मला शेजारी उभं करून स्वतः केलं. दोन्ही हात मागे बांधून उभ्या राहिल्या त्या. मी डाव उचलला की नुसतं 'दामे' म्हणायच्या, म्हणजे नाही.

एकदा शोयू घातला की चमचा आत जाणार नाही. रस सारखा करायचा असेल तर पातेलं दोन्ही कानांनी धरून हलकेच गोल फिरवा.

बाकीची कारणं: पातेलं फार मोठं असेल तर तुकडे गडगडतात, त्यांना दाटीवाटीने बसेल असं घ्या, वरच्या मापाला २० सेंटीमीटरचं पुरतं. साल खालीच हवी, गर खाली असला तर तो आधी विरघळतो. तुकड्यांच्या धारदार कडा सुरीने किंचित तासून घ्या, याला 'मेंतोरी' म्हणतात, त्या कडाच आपटून आधी झडतात. आणि तुकडे लहान केलेत का? मोठेच ठेवा, टिकतात.

एवढं करूनही गाळ होत असेल तर भोपळाच पाणीदार आहे, प्रश्न १९ बघा.

१५. माझं उलटं होतं, तुकडे अख्खे राहतात पण आतून अळणी लागतात

वीस मिनिटं थांबला नाहीत. उकळताना भाजी शिजते, चव मात्र खरी आत जाते ती निवताना. गॅस बंद करून पातेलं तसंच ठेवा आणि वाढताना हवं तर परत कोमट करा. सकाळी करून, वीस मिनिटांनी फ्रिजमध्ये ठेवून रात्री खाल्लेलं त्यामुळेच भारी लागतं. घाईत असाल तर तुकडे जरा लहान करा आणि सालीचे पट्टे काढा (प्रश्न ६).

१६. चिकन कुठलं घ्यायचं? पाकिटावर मोमो लिहिलंय म्हणजे?

ते मोमो नव्हेत! जपानीत 'मोमो' म्हणजे मांडी, म्हणजे थाय, तेच घ्यायचं. 'मुने' म्हणजे ब्रेस्ट, ते यात कोरडं आणि दोरीसारखं होतं. ब्रेस्टच असेल तर तिरके पातळ काप करा, त्यांना थोडं काताकुरिको (बटाट्याचं स्टार्च) चोळा आणि शेवटच्या चार-पाच मिनिटांतच टाका.

भारतात दुकानदार कातडी काढूनच देतो, लेग बोनलेस मागा आणि तेल एक टीस्पूनऐवजी दोन घ्या. हाडाचं चिकन असेल तर ते दाशीत आधी वीस मिनिटं एकटंच शिजवा, मग काबोचा. गावरान कोंबडी असेल तर चाळीस मिनिटंही लागतात, पण रस असा येतो की दाशीची गरजच नाही, साधं पाणी घ्या.

१७. चिकन आत गुलाबी दिसतंय, शिजलं असेल का?

रंगावर जाऊ नका, हाडाजवळ शिजल्यावरही गुलाबी राहतं. थर्मामीटर असेल तर तुकड्याच्या मध्यभागी ७५ अंश सेल्सियस आणि तिथे एक मिनिट, इथे हाच नियम सांगतात. नसेल तर सगळ्यात जाड तुकडा कापून बघा, मांस अपारदर्शक आणि बाहेर येणारं पाणी स्वच्छ हवं. शंका असली तर काबोचा उचलून ताटात काढा आणि चिकन एकटं अजून पाच मिनिटं शिजवा.

१८. हॉटेलमध्ये वरून खिम्याची चकचकीत ग्रेव्ही होती, ते हेच का?

त्याची बहीण. 'सोबोरो-आन' म्हणतात. मला विचाराल तर मुलांना थायच्या तुकड्यांपेक्षा हेच आवडतं. चिकन खिमा १५० ग्रॅम घ्या, आणि गंमत इथे आहे, खिमा गरम कढईत टाकायचा नाही. गार दाशीत खिमा घालून चमच्याने सोडवून घ्या आणि मग गॅस लावा, म्हणजे गोळे होत नाहीत, दाणा दाणा सुटा राहतो. उकळी, फेस काढा, मग प्रश्न ३ प्रमाणेच. काबोचा शिजला की तुकडे अलगद ताटात काढून घ्या. उरलेल्या रसात गॅस बंद करून एक टेबलस्पून काताकुरिको दोन टेबलस्पून पाण्यात कालवून घाला, ढवळा (इथे ढवळायला परवानगी आहे), परत एक मिनिट उकळवा आणि वरून ओता. कॉर्नफ्लॉवरनेही होतं पण ग्रेव्ही जरा गढूळ दिसते आणि थोडं जास्त लागतं. सावकाश खा, ही ग्रेव्ही उष्णता धरून ठेवते, जीभ पोळते.

१९. पुण्यात काबोचा मिळत नाही, लाल भोपळ्याने होईल का?

होईल, पण तडजोड समजून करा. मोठ्या शहरांत परदेशी भाज्या ठेवणाऱ्या दुकानात कधीमधी काबोचा दिसतो. नाहीच मिळाला तर लहान, जड, गडद केशरी गराचा भोपळा शोधा, कापलेल्या फाकेला बोट लावून बघा, ओलं ओलं लागलं तर सोडा. दाशी ३०० ऐवजी २०० मिलीच घ्या, तो स्वतःचं पाणी सोडतो. तुकडे मोठे करा, साल जाड असेल तर काढा, आणि शोयूबरोबरच भोपळा घाला, आधी नाही. काडी सहा-सात मिनिटांपासूनच टोचून बघा.

मला विचारलंत तर याहून चांगला पर्याय रताळं आहे. रताळं आणि चिकनचं निमोनो इथेही करतात, पोत काबोचाच्या जास्त जवळ जातो आणि गाळ होत नाही. रताळं गोड असतं म्हणून साखर एक टेबलस्पूनच. कापून दहा मिनिटं पाण्यात ठेवा, नाहीतर काळं पडतं.

२०. थोडी मोहरी-हिंगाची फोडणी आणि लाल तिखट घातलं तर चालेल का?

चालेल की, पोलीस येणार नाहीत. पण मग दाशी आणि मिरिनवर पैसे कशाला घालवायचे, हिंग पडला की कोंबूचा पत्ताच लागत नाही. तिखट हवंच असेल तर वाढल्यावर वरून शिचिमी (सात जिनसांचं जपानी तिखट) किंवा अगदी चिमूटभर आपलं तिखट भुरभुरा. भोपळा मसाल्यात खावासा वाटतोय तर वऱ्हाडी पद्धतीची बाकर भाजी करा ना, खसखस-खोबऱ्याची. ती तिच्या जागी राणी आहे.

२१. दहा माणसांसाठी करायचंय, सगळं तिप्पट?

काबोचा-चिकन तिप्पट, रस तिप्पट नाही. पातेलं रुंद घ्या, थर एकच ठेवा आणि दाशी इतकीच की तुकड्यांची डोकी वर दिसतील, ६०० मिलीच्या आसपास पुरते. साखर-शोयूही आधी दुप्पटच घाला आणि चाखून वाढवा. एका थरात मावत नसेल तर दोन पातेली करा. दोन थर लावलेत तर खालचा गाळ आणि वरचा कच्चा.

२२. कुकरला एक शिट्टी काढली तर?

नको. केलंय मी. गर सुटून सालीच्या होड्या तरंगत होत्या. हाडाचं चिकन आधी कुकरला लावून मग उघड्या पातेल्यात काबोचा, एवढंच करा.

२३. काबोचा कडू लागतोय, साखर वाढवू?

अजिबात नाही, फेकून द्या, रसासकट. भोपळ्याच्या कुळात कधीकधी कुकुर्बिटासिन नावाचं कडू द्रव्य जास्त होतं, दुधी कडू निघतो ना, तेच. शिजवून जात नाही, पोट बिघडतं, उलट्या होतात. कच्चा तुकडा जिभेला लावून बघायची सवय ठेवा, आपल्या आया काकडी-दुधी चाखायच्या ते याचसाठी.

२४. कापल्यावर चिकट थेंब आले / सालीवर पिवळा डाग आहे / बियांवर पांढरं काहीतरी आहे. खराब झालाय का?

चिकट थेंब म्हणजे त्याचाच चीक, हाताला लागून वाळला की कातडी ओढल्यासारखी वाटते, धुऊन टाका. सालीवरचा पिवळा-केशरी डाग म्हणजे शेतात जमिनीला टेकलेली बाजू, तिथे ऊन लागत नाही, खुशाल खा. बियांवर कापसासारखं पांढरं म्हणजे बुरशी, आणि ती मधल्या दोऱ्यांपासूनच सुरू होते. म्हणून कापलेला काबोचा ठेवताना बिया आणि दोरे खरवडून काढा, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून फ्रिजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवा. अख्खा मात्र गार, कोरड्या जागी महिना-दोन महिने राहतो.

२५. शिजवलेलं किती दिवस टिकतं? फ्रीझ होतं? डब्यात देता येईल?

फ्रिजमध्ये तीन दिवस. गॅसवर तसंच रात्रभर ठेवू नका, चिकन आहे त्यात. प्रश्न ३ मधली वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटंच, आपल्याकडच्या मे महिन्यात तर नक्कीच. फ्रीझ होतं पण काबोचा भुसभुशीत होतो, मी सरळ कुस्करून त्याच्या टिक्क्या करते. डब्यात देताना रस पूर्ण निथळा आणि थंड करूनच झाकण लावा, नाहीतर शेजारचा भात तपकिरी होतो आणि मूल डबा परत आणतं.

२६. सासऱ्यांना शुगर आहे, भोपळाच आहे म्हणून पोटभर देऊ का?

भोपळा नावावर जाऊ नका. काबोचात १०० ग्रॅमला साधारण २० ग्रॅम कार्ब्स असतात, जुन्या जपानी जातीत त्याच्या निम्मे. वर आपण साखर आणि मिरिन घालतोय. साखर अर्धी करता येते, काबोचा स्वतः गोड असतो, पण दोन-तीन तुकडे आणि त्या दिवशी भात कमी. किती, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

२७. डिसेंबरमध्ये सगळी दुकानं काबोचाने भरलेली असतात, सण असतो का?

'तोजी', वर्षातला सगळ्यात लहान दिवस, २१ किंवा २२ डिसेंबर. त्या दिवशी काबोचा खायचा आणि युझू (लिंबासारखं सुवासिक फळ) टाकलेल्या गरम पाण्यात आंघोळ करायची. नावात 'न्' चा उच्चार दोनदा येतो ते खाल्लं की नशीब उघडतं असं मानतात, म्हणून काबोचा त्या दिवशी मुद्दाम नानकिन होतो. तोजीला बहुतेक घरी चिकन नसतं, काबोचाबरोबर आझुकी, म्हणजे लाल चवळीसारखे दाणे, त्याला 'इतोको-नि' म्हणतात. माझ्या सासूबाईंना लाल भोपळा म्हटलं की पितृपक्ष आठवतो, त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, बरं आहे, तिकडे आंघोळ तरी सुवासिक.

२८. हे कशाबरोबर खायचं? पोळीबरोबर चालेल?

जपानात लहान खोलगट वाटीत, भात आणि मिसो सूपच्या सोबतीला, मुख्य पदार्थ म्हणून नाही. जपानी तांदूळ नसेल तर इंद्रायणी करा. जरा चिकट, सुवासिक, चॉपस्टिकने उचलता येतो, माझ्या मते बासमतीपेक्षा शंभर पट योग्य. पोळीबरोबर मला नाही आवडत, कोरडं कोरडं होतं. सोबोरोवालं (प्रश्न १८) मात्र पोळीशीही जमतं.

२९. तळाला उरलेला रस टाकून देता का?

टाकायचा?! त्यात काबोचाचा गर विरघळून तो दाट झालेला असतो. दुसऱ्या दिवशी थोडं पाणी घालून उकळवा, उदोन (जाड जपानी नूडल्स) टाका. किंवा दोन अंडी हलकेच फोडून ओता, झाकण ठेवा, अर्धवट जमली की गॅस बंद, आणि गरम भातावर. आमच्याकडे यासाठी भांडण होतं, म्हणून मी मुद्दाम दाशी पन्नास मिली जास्त घालते आणि कोणाला सांगत नाही.